कागद पाणी राखतो, आणत नाही

दर उन्हाळ्यात टँकरची मागणी वाढू लागली की कृषी मेळाव्यांतून आणि शेतीच्या पुरवण्यांतून एक मागणी हमखास पुढे येते: शेततळ्यांच्या प्लास्टिक अस्तरीकरणाचं अनुदान वाढवा. तिच्यामागचा युक्तिवाद ऐकताना कुठेही खटकत नाही. महाराष्ट्रात पाऊस चार महिन्यांतच पडतो, तोही मोजक्या दिवसांत. ते पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून जातं. शेततळं ते अडवतं, पण मुरमाड जमिनीत अडवलेलं पाणी आठवड्या-पंधरवड्यात जिरतं. म्हणून तळ्याला पाचशे मायक्रॉनचा कागद टाकायचा, पाणी मे महिन्यापर्यंत टिकवायचं आणि फळबाग वाचवायची. यातली बहुतेक विधानं खरी आहेत. गफलत आहे ती न बोललेल्या एका गृहीतात. तळ्यातलं पाणी पावसाचं, म्हणजे एरवी वाया गेलं असतं असं, आहे हे ते गृहीत. अवर्षणप्रवण पट्ट्यातली कागद टाकलेली असंख्य शेततळी प्रत्यक्षात विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यानं भरली जातात. तिथं अस्तरीकरणानं पाण्याचा एक थेंबही वाढत नाही. गावाच्या जमिनीखाली असलेलं, अनेकांच्या विहिरींना मिळणारं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि उन्हात उघडं पडतं. या व्यवहाराला जलसंधारण म्हणून सार्वजनिक पैसा देणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत, म्हणून त्यांचा विचार तितक्याच सविस्तरपणे करायला हवा.

आधी त्या कागदाविषयी, कारण टीकाकारही त्याच्यावर अन्याय करतात. शेतकरी ज्याला कागद म्हणतो ते अभियांत्रिकीच्या भाषेत जिओमेम्ब्रेन. जमिनीत किंवा जमिनीवर वापरायची, पाणी जवळजवळ अजिबात न झिरपू देणारी ही पॉलिमरची चादर बहुधा एचडीपीईची, म्हणजे उच्च घनतेच्या पॉलिथिनची असते. ती धरणांत आणि कालव्यांत गेली साठ-सत्तर वर्षं वापरात आहे. इटलीतल्या कॉन्त्रादा साबेत्ता धरणाच्या पाण्याकडच्या बाजूला १९५९ मध्ये असा पडदा बसवला गेला, वर काँक्रीटच्या फरश्या टाकून. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याच्या भरावक्षेत्राच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई चादर सक्तीची केली, आणि तिच्याखाली नव्वद सेंटिमीटर जाडीचा, जवळजवळ अपार्य असा चिकणमातीचा थर. या उदाहरणांत चादर एकटी नसते. तिच्याखाली तयार केलेला पाया असतो, गरजेप्रमाणे जिओटेक्स्टाइलची गादी असते, वर संरक्षक थर असतो. शिवाय ती पसरण्याआधीच एका प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: हा द्रव येतो कुठून आणि तो कुठे जाता कामा नये? धरणात उत्तर असतं की नदीचं पाणी भिंतीत शिरता कामा नये. भरावक्षेत्रात, की कचऱ्यातून गळणारं काळं पाणी भूजलात मिसळता कामा नये. शेततळ्याच्या बाबतीत आपण दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पाणी खाली जाता कामा नये. पहिला अर्धा विचारलाच नाही.

तो न विचारल्याचा परिणाम तळ्याच्या आकारातच दिसतो. मूळ कल्पनेतलं शेततळं शिवाराच्या उताराकडच्या सखल कोपऱ्यात खोदायचं असतं. वरच्या शेतांतून ओघळ येतो, गाळ अडवणाऱ्या छोट्या खड्ड्यातून जातो, मग इनलेटमधून तळ्यात उतरतो. जास्तीचं पाणी आउटलेटमधून पुढे जातं. आता कागद टाकलेलं तळं पाहा. खोदलेली माती चारी बाजूंना भराव म्हणून रचलेली असते, त्यामुळे तळ्याचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चांगला उंच असतो. पावसाचं वाहतं पाणी तिथं चढूच शकत नाही. काठावरून आत सोडलेला असतो तो विहिरीचा किंवा बोअरचा पाइप. हे एखाद्या शेतकऱ्याच्या चुकीनं घडलेलं नाही, साहित्याच्या गुणधर्मातून ते ओघानं येतं. वाहतं पाणी गाळ, खडे, काटक्या घेऊन येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या उघड्या चादरीला हे सगळं घातक. गाळ साठला तर तो जेसीबीनं काढता येत नाही, कारण बादलीचा एक दात लागला की चादर फाटली. म्हणजे कागद टाकलेल्या तळ्याला पावसाचं गढूळ पाणी नकोसं होतं आणि पंपाचं नितळ पाणी सोयीचं वाटतं. शासनाच्या तक्त्यातही शेततळ्यांचे ‘इनलेट-आउटलेटसह’ आणि ‘इनलेट-आउटलेटविरहित’ असे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींना अनुदान आहे. पूर आलेल्या नाल्यातून पावसाळ्यात पाणी उचलून विनाइनलेट तळं भरता येतं, हे मान्य. पण तसं भरलं की नाही हे पाहण्याची कोणतीही सक्ती नसेल, तर ज्या तळ्यात पाऊस शिरायला वाटच नाही त्याला पावसाचं पाणी साठवणारी रचना कोणत्या आधारावर म्हणायचं?

हिशोब मांडून पाहू. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या बाजू असलेल्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे सुमारे बावीस लाख लिटर. पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात शेतजमिनीवरून त्यातला दहा ते पंधरा टक्के पाऊस वाहून निघतो असं धरलं, तर हेक्टरी पाचशे ते साडेसातशे घनमीटर पाणी मिळेल. हे एक तळं भरायला तीन ते साडेचार हेक्टरांवरचा ओघ त्या एका जागी यायला हवा. लहान शेतकऱ्याकडे एवढी जमीन नसते, पण वरच्या शेजाऱ्यांचं पाणी धरून ते जमू शकतं. आता राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाच्या निकषांतलं मोठं सामुदायिक तळं घ्या: शंभर बाय शंभर मीटर, तीन मीटर खोल, दहा हेक्टर फळबागेसाठी. त्यात सुमारे अठ्ठावीस हजार घनमीटर पाणी मावतं. ते ओघानं भरायचं तर अडतीस ते छप्पन्न हेक्टरांचं पाणलोट हवं. दहा हेक्टर भिजवण्यासाठी त्याच्या चार-पाच पट क्षेत्राचा सगळा ओघ, तोही अवर्षणप्रवण प्रदेशात. प्रत्येक गावात अशी एखादी जागा सापडेल. अशा तळ्यांची रांग मात्र पावसाच्या ओघावर उभी राहू शकत नाही. तरीही ती भरलेली दिसतात, तेव्हा ते पाणी जमिनीखालून आलेलं असतं हे समजायला वेगळा पुरावा लागत नाही. ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या वापरावर लेख लिहून हाच धोका दाखवला होता. त्यानंतरही अनुदानाच्या अटींत भूजलाचा प्रश्न दुय्यमच राहिला.

विहिरीतलं पाणी तळ्यात आणल्यावर पहिली गोष्ट घडते ती बाष्पीभवन. मराठवाड्यात, अहिल्यानगर-सोलापूरच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सात मिलिमीटर घटते असं धरलं, तर तो अंदाज फुगवलेला नाही. शंभर बाय शंभरच्या तळ्यातून त्या दरानं रोज सत्तर हजार लिटर पाणी हवेत जातं. जलजीवन मिशनचं ग्रामीण पुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज पंचावन्न लिटर आहे. त्या मापानं हे साडेबाराशेहून जास्त माणसांचं रोजचं पाणी झालं. त्यात आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. नैसर्गिक तळ्यात किंवा पाझर तलावात पाणी उतरत गेलं की त्याचा विस्तारही आक्रसतो, त्यामुळे नुकसान आपोआप कमी होत जातं. एकास एक उताराच्या शेततळ्यात तसं होत नाही. भरलेल्या मोठ्या तळ्याचा पृष्ठभाग दहा हजार चौरस मीटर असतो आणि तळाशी पोहोचेपर्यंत तो पावणेनऊ हजारांच्या खाली उतरत नाही. म्हणजे तळ्यात गुडघाभर पाणी उरलं असतानाही सूर्य जवळजवळ पूर्ण तळ्याएवढाच वाटा घेत राहतो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची सरासरी सहा मिलिमीटर धरली, तरी पाण्याची सुमारे पाऊण मीटर उंची फक्त उन्हात जाते. हेच पाणी विहिरीत, खडकाच्या भेगांत राहिलं असतं तर त्यावर ऊन पडलं नसतं. निसर्गानं झाकून ठेवलेल्या साठ्यातून वीज खर्च करून पाणी वर आणायचं, अर्ध्या टनाहून जास्त प्लास्टिक अंथरून ते साठवायचं आणि मग त्याचा मोठा भाग हवेला द्यायचा, याला कार्यक्षमता कुठल्या अर्थानं म्हणायचं?

यावर एक आक्षेप खरोखर तोलामोलाचा आहे आणि भूजल समजणारी माणसंच तो घेतात. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग बसाल्टचा आहे. या खडकाची पाणी साठवण्याची ताकद कमी. वरच्या झिजलेल्या थरात पावसाळ्यात पाणी भरतं आणि पाऊस थांबला की ते उताराकडे सरकून ओढ्यानाल्यांत पाझरत निघून जातं. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुडुंब भरलेल्या विहिरीतून पाणी उचलून तळ्यात ठेवलं तर काय बिघडलं? ते पाणी डिसेंबरपर्यंत वाहूनच जाणार होतं. विहिरीत जागा झाल्यामुळे परतीच्या पावसाचं पाणी तिथं जास्त मुरेलही. हा युक्तिवाद भौतिकदृष्ट्या बरोबर आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो, पण तो स्वतःची मुदत बरोबर घेऊन येतो. विहिरी काठोकाठ आहेत आणि नाला वाहतो आहे तोवर उपसलेलं पाणी बहुतांश जास्तीचं असतं. नाला आटला की तीच विहीर शेजारच्या विहिरीशी आणि गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशी एका मर्यादित साठ्यावर बसलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरनंतर तळ्यासाठी केलेला उपसा हा जास्तीच्या पाण्याचा नसतो. दोनशे-तीनशे फूट खोल बोअरमधून भरलेलं तळं तर या युक्तिवादात कधीच बसत नाही, कारण ते पाणी डिसेंबरमध्ये नाल्याला मिळणारच नव्हतं. म्हणजे बसाल्टचं कारण तळ्याला परवाना देतं ते विशिष्ट काळापुरतं, विशिष्ट साठ्यापुरतं आणि पावसाच्या विशिष्ट वर्षांपुरतं. २०१२-१३ सारख्या वर्षात, जेव्हा जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा ऑगस्टमध्येही विहिरी तुडुंब नव्हत्या. तळ्यांची स्पर्धा सगळ्यात तीव्र होते ती नेमकी अशाच वर्षी, कारण ज्याच्याकडे खोल बोअर आणि कागद आहे तो आधी उपसून ठेवतो आणि इतरांची विहीर महिनाभर आधी कोरडी पडते.

जे पाणी नाल्यात पाझरून जातं ते वाया जातं, हे वाक्यही सोडून देण्यासारखं नाही. पाझर कुणाचा तरी असतो. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या ऑल-अमेरिकन कालव्याची गोष्ट इथं उपयोगी आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी कॅलिफोर्नियाला नेणारा हा मातीचा कालवा दशकानुदशकं झिरपत राहिला. त्या पाझरावर सीमेपलीकडच्या मेक्सिकाली खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या विहिरी जगत होत्या. अमेरिकेनं कालव्याचा मोठा टप्पा काँक्रीटचं अस्तर देऊन नव्यानं बांधला. २०१० च्या सुमारास काम पूर्ण झालं. वर्षाला ६७,७०० एकर-फूट, म्हणजे सव्वाआठ कोटी घनमीटरांहून जास्त पाणी वाचेल असं तेव्हा सांगितलं गेलं आणि ते कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या वाट्याला दिलं गेलं. मेक्सिकोच्या बाजूनं या कामाला कडवा विरोध झाला, न्यायालयीन लढाई झाली. दोन्ही बाजू एकाच पाण्याबद्दल बोलत होत्या. अस्तर काँक्रीटचं असो की पॉलिमरचं, त्यानं ‘वाचवलेलं’ पाणी म्हणजे दुसरीकडे न पोहोचलेलं पाणी. तिथं निदान मोजणी झाली, वाद झाला, कुणाचं गेलं आणि कुणाला मिळालं हे नोंदलं गेलं. आपल्या पाणलोटांत खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला आपली विहीर लवकर का आटली याचं कारणसुद्धा सांगितलं जात नाही.

यशोगाथांचा दाखला दिला जातो. जालना जिल्ह्यातलं कडवंची हे त्यातलं सर्वात मोठं नाव. शेततळी आणि द्राक्षं यांच्या जोरावर या गावानं दुष्काळी पट्ट्यात सुबत्ता आणली आणि त्याचं श्रेय गावाला व खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राला मनापासून द्यायला हवं. पण त्या गावात घटनाक्रम काय होता? नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून आधी संपूर्ण पाणलोटावर काम झालं: समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे उपचार, माथा ते पायथा. पाणी आधी जमिनीत मुरवलं गेलं. तळ्यांचा विस्तार नंतर झाला. कडवंचीतून तळी आणि कागद उचलायचे आणि मधली दहा वर्षं सोडून द्यायची, हा दाखल्याचा अर्धवट वापर आहे. हिवरे बाजारनं त्याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथं शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर गावानंच बंदी घातली आणि दरवर्षी पडलेल्या पावसाप्रमाणे पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. जिथं गावानं उपशावर मर्यादा घालून घेतली आहे तिथं कुणाच्या तळ्यात किती पाणी आहे याची भीती वाटायचं कारण नाही. जिथं ती मर्यादा नाही तिथं तळं म्हणजे आधी उपसणाऱ्याच्या फायद्याचं साधन. पहिल्या प्रकारच्या गावाचं यश दुसऱ्या प्रकारच्या गावातल्या योजनेच्या माहितीपत्रकावर छापता येत नाही.

विजेचा आक्षेपही व्यवहारातला आहे. शेतीला आठ तास वीज, तीही कधी दिवसा कधी रात्री. विहिरीचा झरा बारीक. अशा वेळी पाणी मिळेल तसं साठवून ठिबकला एकसारखा दाब द्यायला साठा हवाच. हे खरं आहे, पण त्यासाठी किती साठा लागतो? दोन-तीन दिवसांच्या ठिबकचं पाणी लहान टाकीत किंवा एक-दोन लाख लिटरच्या हौदात मावतं. बावीस लाख किंवा दोन कोटी ऐंशी लाख लिटरचं तळं हे विजेच्या अनियमिततेचं उत्तर नाही, ते अख्ख्या हंगामाचा साठा आधीच ताब्यात घेण्याचं साधन आहे. शिवाय सौर पंपांमुळे दिवसा वीज मिळू लागली की हे कारण आपोआप उरणार नाही. उलट उपशाचा चालू खर्च शून्यावर आल्यानं तळं भरत राहण्याचा मोह वाढेल. अनुदानाच्या अटी आज बदलायला हव्यात, त्याचं हे एक ठोस कारण.

मग शेतकऱ्यानं काय करायचं, असं विचारलं जातं आणि ते योग्यच आहे. लाखोंचं कर्ज काढून लावलेली डाळिंबाची बाग एका उन्हाळ्यात वाळू देणं कुणाला परवडेल? तळं भरणारा शेतकरी अनैतिक वागतो आहे असं मी म्हणत नाही. शेजारी उपसतो आहे आणि आपण थांबलो तर आपलंच पाणी जाणार, अशा स्थितीत तो सगळ्यात समंजस निर्णय घेतो. म्हणूनच नियम गावाच्या पातळीवर लागतो, एकट्याच्या सदसद्विवेकावर तो सोडता येत नाही. महाराष्ट्रानं भूजल अधिनियम २००९ मध्ये केला आणि तो २०१४ पासून लागू आहे. साठ मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअर घेण्यावर त्यात निर्बंध आहे, अधिसूचित क्षेत्रांत पाणी वापराच्या योजनेची कल्पना आहे. कायद्यानं खोल उपशाला मर्यादा घालायची आणि अनुदानानं खोल उपशाचं पाणी साठवायला चादर द्यायची, ही एकाच शासनाची दोन विरुद्ध दिशांची पावलं आहेत. माझ्या विहिरीतलं पाणी माझं, हे जुन्या सुविधाधिकार कायद्यातून आलेलं उत्तर इथं पुरत नाही. निव्वळ स्वतःच्या पैशांनी खोदलेल्या तळ्याबद्दल तो वाद वेगळा घालता येईल. अनुदानाचा पैसा मात्र त्या शेजाऱ्याचाही आहे ज्याची विहीर आटली.

दुसऱ्या टोकाला कागदावर सरसकट बंदी मागणारे आहेत. शेतात प्लास्टिक नकोच, या भूमिकेशी मी सहमत नाही, कारण तिच्यामुळे कागद जिथं खरोखर उपकारक आहे ती ठिकाणंही हातची जातील. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्या खडकातून भराभर निघून जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं सुचवलेलं जलकुंड हे कागद टाकलेलं छोटं कुंड आंबा-काजूच्या नव्या कलमांना पहिले उन्हाळे तारून नेतं. त्यात पाऊसच साठतो, साठा छोटा असतो आणि कुणाची विहीर त्यानं आटत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या भागात, भूजल खारं आहे. गोडं पाणी म्हणजे पावसाचंच, आणि विहिरीतून तळं भरण्याचा मोहही तिथं नाही. अशा ठिकाणी अस्तरीकरणाला आजच्यापेक्षा जास्त पैसा द्यावा. आणि जिथं मुरमाड जमीन आहे, भूजलावर सगळं गाव उभं आहे, तिथं अस्तर नसलेलं, झिरपणारं शेततळंच चोख काम करतं. ते मालकाला मे महिन्यात उभं पाणी दाखवत नाही, पण परिसरातल्या विहिरींना पाणी देतं. त्याला ‘गळकं तळं’ म्हणून हिणवणं आणि अनुदानात दुय्यम ठेवणं चूक आहे.

साहित्याच्या टिकाऊपणाबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण विक्रेत्यांच्या दाव्यांत वेगवेगळ्या परिस्थितींतले आकडे मिसळले जातात. एचडीपीई शेकडो वर्षं टिकतं, हे अमेरिकेतल्या जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटच्या अंदाजावर आधारलेलं विधान आहे. त्या अंदाजात दीड मिलिमीटर जाडीची, मातीखाली झाकलेली चादर वीस अंश तापमानाला निम्मी ताकद गमवायला सुमारे साडेचारशे वर्षं घेते. चाळीस अंशांना तोच आकडा सत्तरच्या आसपास येतो. शेततळ्यावरची चादर त्याच्या एक तृतीयांश जाडीची, उघडी, आणि पाणी उतरल्यावर थेट उन्हात तापणारी असते. तिला त्या आकड्यांचा आधार घेता येत नाही. फाटलेल्या चादरीचं पुढे काय करायचं, याची तरतूदही योजनेत ठळकपणे हवी. त्याहून गंभीर प्रश्न जिवाचा आहे. गुळगुळीत एचडीपीई ओली झाली की तिच्यावर घर्षण जवळजवळ उरत नाही. कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथं १९ मार्च १९८८ रोजी घातक कचऱ्याचा अवाढव्य ढीग अस्तराच्या अशाच निसरड्या थरांवरून सरकला, आणि त्या दुर्घटनेनंतर उतारावरच्या चादरीच्या घर्षणाकडे जगभर गांभीर्यानं पाहिलं जाऊ लागलं. आपल्या शेततळ्याच्या एकास एक उतारावर तीच गुळगुळीत चादर असते. पोहता येणारा माणूसही आत पडला तर काठावर चढू शकत नाही. शेततळ्यात बुडून मुलं दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येतच राहतात. कुंपण, काठाला बांधलेले दोर आणि टायर-ट्यूब, चढायला एका बाजूची खडबडीत पट्टी, यांचा खर्च चादरीच्या मानानं किरकोळ आहे. त्याची तपासणी झाल्याशिवाय अनुदानाचा हप्ता सुटता कामा नये, आणि याबाबत कोणताही प्रतिवाद मला मान्य होण्यासारखा वाटत नाही.

प्रत्यक्षात बदलायचं ते फार किचकट नाही. अस्तरीकरणाचं अनुदान द्यायचं तर तळ्याला पाणलोट आहे, इनलेट आहे आणि गाळ अडवायची सोय आहे हे मोजणीवहीत दिसलं पाहिजे. विहिरीतून किंवा नाल्यातून उचलून भरायचं असेल तर गावाच्या नाल्याचा प्रवाह सुरू आहे तोवरच, आणि ती तारीख ग्रामसभेनं दरवर्षी पावसाप्रमाणे ठरवून फलकावर लावायची. बोअरच्या पाण्यानं भरायच्या तळ्याला सार्वजनिक पैसा अजिबात नको. प्रत्येक तळ्यातला साठा गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात उपसा म्हणून धरायचा, जमा म्हणून नव्हे. आज बहुतेक अहवालांत तो साठवणक्षमता निर्माण झाली या रकान्यात जमा दाखवला जातो, आणि जमिनीखालच्या साठ्यातून तेवढंच पाणी वजा झालं याची नोंद कुठेच नसते. ही एक नोंद बदलली तरी जिल्हा पातळीवरच्या बैठकीत कोणत्या तालुक्याला आणखी किती कागद द्यायचा, हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारावा लागेल.